खंभातच्या आखातात सहा दिवस : पवनचक्क्यांची आगोट

पहिला दिवस, १२ जानेवारी २०२५ : मुंबई ते सुरत

विरार सुटलं की मी नेहमी डाव्या खिडकीकडे सरकते. समुद्र दिसत नाही, पण त्या बाजूला अर्नाळा आहे, माझं आजोळ. आजोबांची डोलीची, म्हणजे समुद्रात एका जागी बांधलेल्या जाळ्याची मासेमारी होती. जुनी बोट घ्यायची वेळ आली की ते दोन-दोन दिवस त्या बोटीभोवती फिरायचे. हातोडीने एकेक फळी ठोकायचे आणि कान लावून आवाज ऐकायचे. मालक काय सांगतोय याकडे त्यांचं फारसं लक्ष नसे. मी आज जे काम करते त्याला बँकांच्या भाषेत ड्यू डिलिजन्स म्हणतात. कर्ज देण्याआधी प्रकल्पाची फळी न् फळी ठोकून पाहायची आणि कुठली पोकळ वाजते ते लिहून द्यायचं.

या वेळी ठोकायचा आहे तो गुजरातच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात उभारायचा ५०० मेगावॉटचा पवन ऊर्जा प्रकल्प. आपल्या देशाने समुद्री पवन ऊर्जेचं धोरण २०१५ मध्ये केलं. २०१८ मध्ये उद्दिष्ट ठरलं, २०२२ पर्यंत ५ हजार मेगावॉट. आज २०२५ उजाडलं तरी आपल्या समुद्रात अशी एकही पवनचक्की उभी नाही. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली : गुजरात आणि तामिळनाडू, दोन्हीकडे ५००-५०० मेगावॉट. वीज महाग पडेल, तेव्हा दरातली तफावत सरकार भरून काढणार. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. सप्टेंबरात गुजरातची निविदा निघाली. बोली लावणाऱ्यांना पैसे द्यावेत का, असा विचार करणाऱ्या एका संस्थेने आम्हा तिघांना पाठवलं आहे. चेन्नईचे एक ज्येष्ठ इंजिनिअर, ते समुद्रतळाची माती पाहतात. पुण्याची एक तरुण मुलगी, ती वाऱ्याचे आकडे पाहते. आणि मी, सागरी काम आणि देखभाल.

गाडीत एकच हिशेब केला. सरकारी अंदाजाप्रमाणे या १,००० मेगावॉटमधून वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट वीज मिळेल. चक्क्या वर्षभर पूर्ण ताकदीने फिरल्या असत्या तर ८७६ कोटी मिळाली असती. म्हणजे साडेबेचाळीस टक्के. हा दोन्ही राज्यांचा मिळून आकडा, आणि तामिळनाडूकडचा वारा गुजरातपेक्षा जोरकस. म्हणजे गुजरातच्या वाट्याला त्याहून कमीच येणार. वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं आणि सुरतेला उतरलो.

दुसरा दिवस, १३ जानेवारी : हजिरा ते घोघा, भावनगर

सुरतेहून भावनगरला रस्त्याने जायचं तर आखाताला वळसा घालून ३७० किलोमीटर. हजिऱ्याहून घोघ्याला जहाजाने ९०. आम्ही मुद्दाम जहाज निवडलं. ज्या पाण्याबद्दल लिहायचं त्यावरून एकदा तरी जायला हवं.

पोटात ट्रक आणि गाड्या, वर माणसं. किनारा मागे पडला आणि पाण्याचा रंग दूध कमी पडलेल्या चहासारखा झाला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. नर्मदा, तापी, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपला गाळ याच आखातात आणून टाकतात. भरती-ओहोटी तो गाळ दिवसातून चार वेळा इकडचा तिकडे करते.

या जहाजसेवेचीच एक गोष्ट आमच्या कामाची आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा घोघ्याहून समोरच्या दहेजला जात असे. अंतर आणखी कमी. पण दहेजच्या धक्क्याशी गाळ साचत राहिला, जहाजाला पुरेल एवढी खोली उरेना, आणि दोन वर्षांत सेवा थांबली. २०२० मध्ये ती हजिऱ्याहून पुन्हा सुरू झाली. नकाशावरचं सर्वांत जवळचं ठिकाण गाळाने हिरावून घेतलं. चेन्नईचे सर कठड्याला टेकून उभे होते. ते म्हणाले, "या आखातात तळाचा नकाशा घेतला की त्यावर तारीख आधी लिहायची. पुढच्या पावसाळ्यानंतर तो जुना झालेला असतो."

ही गोष्ट मी मनात घोळवत राहिले. समुद्रात खांब रोवायचा, तर खांबाच्या पायाशी प्रवाह वळतो आणि वाळू-गाळ उकरून नेतो. खांबाच्या बुंध्याशी खड्डा पडत जातो. त्यावर दगडांची भर घालतात. पण खड्डा किती खोल पडेल, हे प्रवाहाच्या वेगावर आणि तळाच्या मातीवर ठरतं. उत्तर समुद्रातल्या प्रकल्पांतून घेतलेला आकडा इथे चालेल असं समजून कुणी पायाची किंमत काढली असेल, तर ती फळी पोकळ आहे.

पुण्याच्या मुलीने वाटेत लॅपटॉप उघडून वारा दाखवला. नोव्हेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने पिपावावपासून २३ किलोमीटरवर समुद्रात एका खांबावर लायडार बसवलं. लेझरचा किरण वर सोडायचा, हवेतल्या धूलिकणांवरून तो परत येतो, त्याच्या बदललेल्या लहरींवरून वाऱ्याचा वेग कळतो. त्याच्याही आधी जो प्राथमिक अभ्यास झाला, युरोपीय संघाच्या मदतीचा, त्यात पुण्याची वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ सस्टेनेबल एनर्जी सहभागी होती. ही मुलगी तिथल्या लोकांकडूनच शिकलेली, त्यामुळे या आकड्यांबद्दल तिला ममत्व आहे. तरीही ती स्पष्ट बोलली : "ताई, दोन वर्षं, एक जागा. चांगली मोजणी आहे, पण प्रकल्प पंचवीस वर्षांचा आणि क्षेत्र कितीतरी चौरस किलोमीटरचं."

कर्ज देणाऱ्याला याचा अर्थ असा. वार्षिक उत्पादनाचा मधला अंदाज, म्हणजे जो ओलांडला जाण्याची शक्यता निम्मी, त्याला पी-५० म्हणतात. बँक मात्र पी-९० वर कर्ज देते, म्हणजे दहातल्या नऊ वेळा निदान एवढी वीज मिळेलच असा आकडा. अंदाजातली अनिश्चितता दहा टक्के असेल तर पी-९० हा पी-५० पेक्षा जवळपास तेरा टक्क्यांनी खाली येतो. अनिश्चितता सातवर आणली तर फरक नऊवर येतो. वारा तोच, समुद्र तोच. फक्त आपल्याला तो किती नीट ठाऊक आहे त्यावर कोट्यवधींचं कर्ज मिळतं किंवा मिळत नाही. म्हणून आणखी एक लायडार, आणखी एक वर्ष, यावर होणारा खर्च मला कधी जास्त वाटत नाही.

दुपारी भावनगर. बंदराला लॉकगेट आहे : भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दरवाजा बंद करायचा, म्हणजे ओहोटीला ते चिखलात टेकत नाही. इथे भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो, तीन मजली घराएवढा. आज पौष पौर्णिमा, उधाणाचे दिवस. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि दरवाजाबाहेरचा चिखल वीतवीत उघडा पडत होता. पिपावावकडे, आखाताच्या तोंडाशी, हा फरक बराच कमी आहे. पण एवढं पाणी आत-बाहेर जातं ते त्याच तोंडातून.

तिसरा दिवस, १४ जानेवारी : भावनगर, अलंग, राजुला

उत्तरायण. सारं भावनगर गच्चीवर. पतंग चढत होते पण वारा मधूनच पडत होता, आणि गच्च्यांवरून उसासे ऐकू येत होते. जानेवारीचा वारा असाच.

अलंगला जुनी जहाजं तोडतात. तिथे किनाऱ्यावर ओढलेल्या जहाजांच्या नुसत्या पाठी दिसल्या. आत जाण्याची परवानगी नव्हती, आणि ते आमचं कामही नव्हतं. पण आमच्या यादीत शेवटचा एक मुद्दा असतो : पंचवीस वर्षांनी हे सगळं काढणार कोण आणि पैसे कुठून येणार? जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प, डेन्मार्कचा विंडेबी, १९९१ मध्ये उभा राहिला आणि २०१७ मध्ये काढला गेला. अकरा चक्क्या, एकेक ४५० किलोवॉटची, उथळ पाण्यात. आता एकेका चक्कीची ताकद त्या अख्ख्या प्रकल्पाच्या तिप्पट असते. ती उतरवायला तेवढंच मोठं जहाज लागेल. ही रक्कम सुरुवातीपासून दरवर्षी बाजूला पडायला हवी, असं मी प्रत्येक अहवालात लिहिते.

महुव्याला जेवलो. अंधार पडता पडता राजुला. रस्त्याकडेला सिंहांबद्दल सावधान करणारी पाटी होती. गीरचे सिंह आता या किनारपट्टीपर्यंत पसरले आहेत आणि पिपावावच्या रेल्वेमार्गावर गाडीखाली सापडूनही मेले आहेत. समुद्रातून वीज आणणारी केबल जिथे जमिनीवर येईल तिथून उच्चदाबाची वाहिनी याच पट्ट्यातून जाणार. पर्यावरणाच्या प्रकरणात डॉल्फिन आणि पक्ष्यांसोबत सिंहही लिहावा लागेल, हे मला इथे येईपर्यंत सुचलं नव्हतं.

चौथा दिवस, १५ जानेवारी : जाफराबाद

जाफराबादचा वास गावाच्या आधी येतो, आणि तो वास माझ्या ओळखीचा. बोंबील. वेशीपासून किनाऱ्यापर्यंत बांबूंच्या वलांडी, त्यावर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, हजारोंनी. अर्नाळ्याला अगदी असंच. इथे त्याला बुमला म्हणतात. हे गाव कधीकाळी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होतं, थेट संस्थानं विलीन होईपर्यंत. मुरुडचा किल्ला आणि हे बंदर एकाच नवाबाचे. कोकणातून इथे येणारी वाट समुद्राची होती, हे नकाशा समोर ठेवला की लगेच पटतं.

उधाणाचे दिवस असल्याने बहुतेक बोटी बाहेर होत्या. डोलीला उधाण लागतं. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबलचक जाळं. ट्रॉलरसारखं ते ओढत नेत नाहीत. समुद्राच्या तळात खुंट ठोकून ते एका जागी बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी त्यात आणून सोडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, प्रवाह मंदावतो, जाळं नीट उघडत नाही, तेव्हा बोटी घरी. आमच्याकडे या ठरलेल्या जागेला कव म्हणतात. कव कुणाची यावरून वसई-उत्तनचे आणि सातपाटी-डहाणूचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. माझे दोन मामा त्या बैठकांना जाऊन आलेले आहेत.

किनाऱ्यावर एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, जाळं विणत बसले होते. मी मोडक्या गुजरातीत सुरुवात केली, त्यांनी हिंदीत उत्तर दिलं. अर्नाळ्याचं नाव काढलं तसं त्यांनी शेजारची पेटी पुढे सरकवली, "बसा, बेन."

मी प्रकल्पाचा नकाशा उघडला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिला, मग बोटाने एक रेघ ओढली. "इथून इथपर्यंत आमचे खुंट."

"याचा कागद आहे का, काका?"

"समुद्राचा कसला कागद? माझे वडील तिथे लावायचे, आता मुलगा लावतो. सगळ्यांना ठाऊक आहे."

खरंच सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याही सरकारी नकाशात मात्र ते नाही. शेतातून वीजवाहिनी नेताना निदान सातबारा असतो, मालक सापडतो, मोबदल्याचा हिशेब करता येतो. समुद्राला सातबारा नाही. ट्रॉलरवाल्याला दुसरीकडे जा म्हणता येईल, त्यालाही तोटा होईल पण जाता येईल. डोलीवाल्याला तसं म्हणता येत नाही. प्रवाह, खोली आणि मासळीची वाट या तिन्ही गोष्टी जिथे जुळतात तिथेच कव.

मोठ्या चक्क्यांमध्ये दीड-दोन किलोमीटर अंतर ठेवतात. मग मधल्या जागेत डोली राहू द्या, असं कागदावर सहज सुचतं. पण दोन चक्क्यांच्या मध्ये तळाखालून केबल जाते, साधारण दीड-दोन मीटर खोल पुरलेली. मी तांडेलकाकांना विचारलं, खुंट किती खोल जातो? त्यांनी हात डोक्याच्या बराच वर नेला. म्हणजे केबलच्या कितीतरी खाली. जगभर समुद्री पवनप्रकल्पांच्या विम्याच्या दाव्यांत सर्वांत मोठा वाटा केबलचा असतो. एक खुंट चुकीच्या जागी ठोकला गेला तर अख्खी रांग बंद पडेल, आणि ठोकणाऱ्याच्या जिवालाही धोका. बँकांच्या तक्त्यात हा विषय 'सामाजिक' या रकान्यात, शेवटच्या पानावर असतो. तो तांत्रिक रकान्यात, केबलच्या शेजारी हवा. मी तो तिथेच लिहिणार आहे, आणि त्यासोबत एक अटही : पहिला खांब रोवण्याआधी गावातल्या तांडेलांना बोटीवर घेऊन प्रत्येक खुंटाची जागा जीपीएसवर नोंदवायची, आणि ती नोंद गावाकडेही ठेवायची.

मग वादळाची गोष्ट निघाली. १७ मे २०२१ ला तौक्ते याच किनाऱ्यावर, दीव आणि उन्याच्या मध्ये आदळलं. जाफराबादेत बांधलेल्या बोटी एकमेकांवर चढून फुटल्या. काकांची एक गेली. त्याच वादळात आमच्याकडे, मुंबईच्या समुद्रात, पी-३०५ नावाचं बार्ज बुडालं. त्यावरची कितीतरी माणसं परत आली नाहीत.

हवामान खात्याने किनाऱ्यावर आदळतानाचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर, झोत १८५ पर्यंत असा दिला होता. सेकंदाच्या हिशेबात ते ४४ ते ४७ मीटर. आंतरराष्ट्रीय मानकातली पहिल्या वर्गाची चक्की ५० मीटर सोसते, चक्रीवादळांसाठीचा वेगळा वर्ग ५७. वरवर पाहिलं तर पहिला वर्ग पुरतो. पण हवामान खात्याचा आकडा तीन मिनिटांच्या सरासरीचा, जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा. चक्कीचा आकडा दहा मिनिटांच्या सरासरीचा आणि तिच्या आसाच्या उंचीवरचा, म्हणजे दीडशे मीटरच्या आसपास. एक बदल आकडा थोडा खाली आणतो, दुसरा चांगलाच वर नेतो. हे दोन्ही न करता आकडे शेजारी शेजारी मांडणारा अहवाल मी याआधी एका कामात पाहिला आहे, म्हणून इथे थांबून लिहिते. चक्की कुठल्या वर्गाची घ्यायची यावर पात्याची, खांबाची, पायाची, सगळ्यांची किंमत अवलंबून आहे.

पाचवा दिवस, १६ जानेवारी : समुद्रात

पहाटे निघालो. बोट तांडेलकाकांच्या मुलाची नाही, त्याच्या ओळखीची, रीतसर परवानगी काढलेली. शियाळ बेट उजाडताना मागे गेलं. समुद्र तळ्यासारखा. पुण्याच्या मुलीला बोट लागेल म्हणून गोळ्या आणल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. २३ किलोमीटर गेल्यावर किनारा नाहीसा झाला. जिथे लायडारने वारा मोजला त्या परिसरात आम्ही इंजिन बंद केलं.

शांत झालं तरी बोट थांबली नाही. प्रवाह तिला वाहून नेत होता. जीपीएसवर आकडे सरकत होते. पाण्यावर डोलींचे बोये रांगेत दिसत होते, सगळे एकाच दिशेला कललेले.

सरांनी इथल्या तळाच्या उपलब्ध माहितीचे कागद आणले होते. वरचा थर मऊ चिकणमातीचा. चक्की उभारणारं जहाज आपले चार पाय तळावर टेकून स्वतःला पाण्याच्या वर उचलतं, मगच त्यावरची क्रेन काम करते. मऊ मातीत ते पाय रुततात. वर कडक थर आणि खाली मऊ असेल तर आणखी वाईट, पाय थर फोडून एकदम खाली जातो आणि जहाज कलतं. म्हणून प्रत्येक चक्कीच्या जागी तळाची चाचणी हवी. शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबत न्यायची आणि किती जोर लागतो ते पाहायचं. पन्नास चक्क्या तर पन्नास जागा. काही बोअर घेऊन मधलं अंदाजाने भरणं या आखातात चालणार नाही, हे सरांचं ठाम मत, आणि माझंही. शिवाय अशी जहाजं आपल्याकडे नाहीत. ती युरोपातून किंवा चीनमधून येणार, ऑक्टोबर ते मे एवढ्यातच काम करणार. एका हंगामात उरकलं नाही तर चार महिने उभी राहणार किंवा परत जाणार, आणि दोन्हीचं भाडं प्रकल्पाच्या माथी.

त्या शांत पाण्यावर बसून मला पावसाळाच दिसत होता.

इथला वारा वर्षभर सारखा नाही. मे ते ऑगस्ट, नैऋत्येचा, तो खरा वारा. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा याच महिन्यांतला. आणि मे सोडला तर याच महिन्यांत समुद्र बंद. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंदच असते, गुजरातने ती बंदी अलीकडे १५ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे. सरकारी आदेश नसता तरी बोट गेली नसती. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कुणी बोट लोटत नाही.

तंत्रज्ञांना चक्कीवर नेणारी नेहमीची बोट साधारण दीड मीटर लाटेपर्यंत माणूस चढवू शकते. लाटेची उंची मोजताना सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी घेतात, तेव्हा दीड मीटर म्हणताना मधूनच अडीच मीटरची लाट येतेच. डोलणं सावरणारा पूल असलेलं मोठं जहाज अडीच-तीन मीटरपर्यंत जाऊ शकतं, पण त्याचं भाडं फार. जुलैत या आखाताच्या तोंडाशी पहिली बोट बहुतेक दिवस निरुपयोगी.

आता कागदावर काय असतं पाहा. 'उपलब्धता ९५ टक्के.' वर्षातले १८ दिवस चक्की बंद, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर समुद्रातून आलेला आकडा. तिथेही हिवाळ्यात वारा जास्त आणि पोहोचणं कठीण, पण महिनोन्‌महिने समुद्र बंद नसतो. इथे ते १८ दिवस जानेवारीत गेले तर नुकसान थोडं. जुलैत गेले तर? समजा चक्की पूर्ण ताकदीच्या वर्षभरात सरासरी ३५ टक्के वीज देते आणि जुलैत ६५. मग दिवस पाच टक्के, पण वीज नऊ टक्क्यांहून अधिक जाते. आणि ही झाली अठरा दिवसांची गोष्ट. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंधरा मेगावॉटच्या एका चक्कीचा गिअर किंवा ट्रान्सफॉर्मर गेला आणि दुरुस्तीचं जहाज सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पोहोचलं नाही, तर शंभर दिवस. त्याच हिशेबाने सव्वादोन कोटींहून अधिक युनिट. युनिटला चार रुपये धरले तर नऊ कोटींच्या वर, एका चक्कीचे.

माझी आजी मे महिन्यात आगोट करायची. सुके बोंबील, जवळा, मीठ, मिरच्या, तांदूळ, जळण. पाऊस लागला की बाजार नाही आणि मासळी नाही, तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंतचं सगळं घरात हवं. आजोबा त्याच दिवसांत बोट ओढून शाकारायचे. चक्क्यांचीही आगोट हवी. वार्षिक तपासणी सगळी एप्रिल-मेमध्ये संपलेली, ज्या भागात जरा शंका आहे तो जूनच्या आधी बदललेला, सुटे भाग चक्कीतच वर ठेवलेले, आणि चक्की बनवणाऱ्याशी करार करताना उपलब्धतेची हमी दिवसांत न मागता युनिटमध्ये मागितलेली, पावसाळ्यासाठी वेगळी. या शेवटच्या एका अटीने कराराची किंमत वाढेल. वाढू दे. ती वाढ आज दिसली तर दरात धरता येते.

मी हे बोटीवरच दोघांना सांगितलं. सरांना आगोट हा शब्द माहीत नव्हता, त्यांनी तो तमिळमध्ये लिहून घेतला.

सहावा दिवस, १७ जानेवारी : पिपावाव

बंदराला नाव संत पीपाचं. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांसोबत त्यांचंही पद आहे. देशातलं हे पहिलं खासगी बंदर, कंटेनरच्या उंच क्रेन लांबून दिसतात.

आमचे प्रश्न ठरलेले होते. धक्का किती भार सोसेल? कंटेनरसाठी बांधलेल्या धक्क्यावर चक्कीचा खांब उभा करून ठेवता येत नाही, त्याला चौरस मीटरला पंधरा-वीस टनांची ताकद लागते. शंभर मीटरहून लांब पाती कुठे ठेवणार, ट्रेलर वळणार कुठे? आणि ती जागा सलग दोन वर्षं मिळेल का? रोजचा कंटेनरचा धंदा सोडून एका प्रकल्पाला जागा द्यायची तर बंदरालाही हिशेब हवा. सरकारने ठेवलेल्या ६०० कोटींत दोन बंदरं बसवायची आहेत. तासाभरात बैठक संपली. जे कळायचं ते जागा पाहूनच कळलं होतं.

संध्याकाळी भावनगरला परतलो. वांद्र्याची गाडी. जाफराबादहून घेतलेल्या बोंबलांची पिशवी तीन पिशव्यांत बांधली होती, तरी डबाभर वास होता. समोरच्या आजीबाईंनी विचारलं, केवढ्याला दिले?

अहवालाच्या शेवटी मी दोन गोष्टी मागितल्या. खुंटांची नोंद, आणि जुलै महिन्यात पुन्हा एक पाहणी, समुद्रात जाता आलं नाही तर किनाऱ्यावरून. प्रत्येक पाहणी हिवाळ्यात होते कारण तेव्हा बोट जाते, आणि म्हणून कागदावरचा समुद्र नेहमी जानेवारीचा असतो.

ती निविदा पुढे २०२५ मध्येच रद्द झाली. वीज घेणारा, दर आणि धोका यांचा मेळ बसल्याशिवाय ती परत येऊनही उपयोग नाही, असं मला वाटतं. पण येईल, आणि यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पावसाळ्यात, ढगांनी सूर्य झाकलेला असताना चालणारी वीज आपल्याला हवीच आहे.

तांडेलकाकांशी तेव्हापासून फोन चालू आहे. मी एक वही केली आहे. दर दोन-चार दिवसांनी विचारते, आज छोटी बोट गेली असती का? हो असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. जून-जुलैची पानं फुल्यांनी भरली आहेत. नारळी पौर्णिमेला मी अर्नाळ्याला होते, तिथून फोन लावला. "बेन," ते म्हणाले, "अजून आठ दिवस थांबा. वारा उतरलाय, लाट नाही उतरली."